मनाच्या दुखण्याचे वर्ग : यात लाज कसली?

आपल्या समाजात शरीराचे दुखणे उघडपणे सांगण्याची रीत आहे. कोणाची साखर वाढली, कोणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, ही वार्ता शब्बाथच्या प्रार्थनेनंतर सर्वांस कळते आणि संध्याकाळपर्यंत चार माणसे त्या घरी समाचारास जातात. परंतु एखाद्या घरच्या तरुण मुलास महिनोन्‌महिने झोप लागत नाही, एखादी सून दिवसभर दार लावून बसते, एखाद्या गृहस्थाने नोकरी सुटल्यापासून माणसांत येणे सोडले आहे, अशी गोष्ट असली की त्या घराचे तोंड मिटते. "हवा मानवत नाही", "नजर लागली", "लग्न झाले की सुधारेल", अशी उत्तरे मिळतात. या मौनाचे कारण आपण सर्वजण जाणतो. धाकट्या बहिणीचे स्थळ मोडेल, हे ते कारण. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याची किंमत कोण भरतो, एवढाच आमचा प्रश्न आहे. ती किंमत आजारी माणूस भरतो, आणि कधी कधी प्राणाने भरतो.

आम्ही हे जर्मनीतील कार्ल्सरूहे येथून लिहीत आहोत. १७१५ साली वसविलेल्या या नगरात राजवाड्यापासून रस्ते पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेले आहेत आणि नगराच्या आरंभापासून येथे यहुदी राहत आले. त्यांच्या अंताची तारीखही नगर विसरलेले नाही. दि. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन, सार व पॅलाटिनेट प्रांतांतील साडेसहा हजारांहून अधिक यहुद्यांना फ्रान्समधील गुर्स येथील छावणीत धाडण्यात आले. त्यांत कार्ल्सरूहेचे सुमारे नऊशे होते. त्याच वर्षी याच प्रदेशात मनोरुग्णांवरही तोच प्रसंग ओढवला होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. येथून दक्षिणेस आखेर्न गावाजवळ इलेनाऊ नावाचे मनोरुग्णालय १८४२ सालापासून चालू होते आणि रुग्णांस माणुसकीने वागविण्याबद्दल त्याचा युरोपात लौकिक होता. १९४० मध्ये ते बंद करण्यात आले. तेथील अनेक रुग्ण ग्राफेनेक येथे नेऊन विषारी वायूने मारले गेले. एकट्या ग्राफेनेक येथे त्या वर्षी दहा हजारांहून अधिक रुग्णांची हत्या झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, मनाच्या दुखण्याला कलंक मानणे ही निरुपद्रवी रूढी नाही. रोगी माणूस आधी कुटुंबाच्या बोलण्यातून नाहीसा होतो, मग समाजाच्या नजरेतून. नाहीशा झालेल्या माणसाच्या बाजूने बोलावयास कोणी उरत नाही.

युद्धानंतरही जर्मनीत पुष्कळ वर्षे मनोरुग्ण गावाबाहेरच्या मोठ्या संस्थांतच पडून असत. १९७५ साली तेथील संसदेने नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध झाला. उपचार रुग्णाच्या गावातच मिळावेत आणि शरीराच्या व मनाच्या रुग्णांस सारखाच हक्क असावा, असा त्याचा आग्रह होता. आज कार्ल्सरूहेच्या नगर रुग्णालयात हृदयविभाग आहे तसा मनोविकार विभागही आहे. ज्या उपचारांविषयी आम्हांस आज विशेष लिहावयाचे आहे, ते मात्र रुग्णालयापेक्षा शाळेलाच अधिक जवळचे आहेत.

रुग्णांस एकत्र बसवून शिकविण्याची कल्पना जुनी आहे. १९०५ साली बोस्टन येथील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचे वर्ग सुरू केले. घरी विश्रांती कशी घ्यावी, खिडक्या उघड्या का ठेवाव्यात, वजनाची नोंद कशी करावी, हे ते शिकवीत. शिकता शिकता रोगी एकमेकांस धीर देऊ लागले. पुढे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी, ज्यांना भावनांचा आवेग आवरत नाही व जे स्वतःस इजा करून घेतात, अशांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला. तो १९९३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात चार विषय आहेत : या क्षणी सावध असणे, असह्य वेळ निभावून नेणे, भावनांस वळण लावणे, आणि माणसांशी नाते न तोडता आपले म्हणणे सांगणे. आठवड्यास एक वर्ग, सुमारे चोवीस आठवड्यांचा पाठ, आणि बहुधा त्याची एकवार उजळणी, अशी त्याची रचना आहे. वर्गात बाकी आयुष्याची कहाणी उगाळत बसावयाचे नसते. धडा असतो आणि घरचा अभ्यास असतो. २०११ साली लिनेहानबाईंनी जाहीरपणे सांगितले की, तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. ज्या विद्येने त्या वाचल्या, तीच त्यांनी इतरांसाठी धड्यांत बांधली.

जर्मनीत ही पद्धत प्रथम फ्रायबुर्ग येथे व पुढे मानहाइम येथे रुजली. मानहाइम कार्ल्सरूहेहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. येथील वर्गांत मनावरचा ताण शून्यापासून शंभरापर्यंत मोजावयास शिकवितात. ताण सत्तरच्या वर गेला की विचार करण्याची शक्ती उरत नाही. म्हणून अशा वेळी समजूत घालण्याऐवजी थंड पाणी, तिखट चव, जलद चालणे यांसारखे शरीरास जागे करणारे उपाय योजतात. ताण उतरला की मग विचार. आम्ही आयुष्यभर मुलांना शंभरपैकी गुण दिले, परंतु स्वतःच्या मनाचा आकडा कसा वाचावा हे अध्यापन विद्यालयात आम्हांस कोणी शिकविले नव्हते. संतापलेल्या मुलास त्या क्षणीच उपदेश करणे व्यर्थ असते, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. त्याच अनुभवास येथे शास्त्राचे रूप मिळाले आहे.

येथील सार्वजनिक आरोग्यविमा मानसोपचाराचा खर्च १९६७ सालापासून देत आला आहे. गटात तीन ते नऊ माणसे असतात आणि बैठक शंभर मिनिटांची असते. ऑक्टोबर २०२१ पासून नवख्या माणसासाठी अशा चार प्रास्ताविक बैठकांची सोय झाली आहे. आपले दुखणे काय आहे व त्यावर उपचार कसा होतो, एवढेच त्यांत समजावून देतात. म्हणजे ज्यास भीती वाटते, त्याने पूर्ण उपचाराचे बंधन न घेता वर्गाच्या दारातून डोकावून पाहावे.

आता आपल्या लोकांच्या शंकांकडे वळू.

पहिली शंका बोभाट्याची. आपला समाज लहान आहे. एका घरी खोकले तर दुसऱ्या घरी ऐकू जाते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, असा वर्ग आपल्याच चार घरांत भरवू नये. परक्यांच्या वर्गात जावे. जर्मनीत उपचारकाने रुग्णाचे गुपित फोडणे हा दंडविधानाच्या २०३ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि गटातील माणसांकडूनही तेथले बोलणे बाहेर न नेण्याचे वचन घेतात. ज्या गोष्टीची आपणांस आपल्या माणसांत लाज वाटते, तीच गोष्ट आठ अनोळखी माणसांस आहे असे पाहिले की अर्धे ओझे तेथेच उतरते.

दुसरी शंका भाषेची, आणि ती खरी आहे. "जीव घाबरा होतो" असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा परदेशी डॉक्टर हृदयाचा आलेख काढावयास धावतो. "कशात मन लागत नाही" या वाक्यातील सगळा अंधार दुसऱ्या भाषेत नेणे कठीण आहे, आणि दुभाष्याचा खर्च येथील विमा सहसा देत नाही. परंतु उलपानमध्ये पांढऱ्या केसांनी आपल्या आजी-आजोबांनी आलेफ-बेत गिरविले, तेव्हा त्यांनी लाज धरली नाही. भाकरी व पत्ता विचारण्याची वाक्ये जशी पाठ केली, तशी मनाची दहा वाक्येही नव्या भाषेत पाठ करावीत : झोप येत नाही, भीती वाटते, मरावेसे वाटते, मला मदत हवी आहे. वर्ग परक्या भाषेत करावा, घरचा अभ्यास मराठीत करावा.

तिसरी शंका धर्मशील वडीलधाऱ्यांची : प्रार्थना असताना हे कशास? रुग्णासाठी आपण जी प्रार्थना करतो, तीत आत्म्याचे आरोग्य आधी मागितले आहे व शरीराचे नंतर. रुग्णाच्या भेटीस जाणे ही मित्स्वा आहे आणि तीतून मनाचा रुग्ण कोणी वगळलेला नाही. आपण वगळला आहे.

चौथी शंका गुणाची. याने रोग बरा होतो काय? अतिशयोक्ती आम्ही करणार नाही. जुनाट व तीव्र मनोविकार असलेल्यांसाठी स्वतःचा आजार सांभाळण्याचा असाच एक अभ्यासक्रम इस्राएलमध्ये तपासून पाहण्यात आला आणि त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. शिकलेल्यांचे आजाराविषयीचे ज्ञान वाढले आणि ठरविलेल्या उद्दिष्टांकडे त्यांची अधिक प्रगती झाली. मात्र त्यांस मिळणारा माणसांचा आधार वाढला नाही. हा निष्कर्ष आम्हांस फार बोलका वाटतो. वर्ग विद्या देतो, माणसे देत नाही. माणसे घराने आणि समाजाने द्यावयाची असतात. तसेच वर्ग हा औषधाचा पर्याय नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी वर्गाच्या भरवशावर बंद करू नये, आणि जिवाचा धोका दिसला तर वर्गाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुंबईकडे "याला ठाण्याला न्या" असे थट्टेने म्हणत. १९०१ सालापासून तेथे वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून. पण ठाणे हे आपल्या शआर हाशमाईम सिनेगॉगचेही गाव आहे. आणि त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. तेथे लोक आपल्या पायांनी जातात, आणि मनाविषयी साध्या मराठीत बोलणे होते. ज्या गावाच्या नावाची थट्टा होई, त्याच गावाने मराठी माणसास हे बोलावयास शिकविले. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातलगांसाठी स्वमदत गट उभे राहिले. त्यांमागे कॅनडात स्थायिक झालेले मराठी प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी होते. पत्नीचे दुखणे लपविण्याऐवजी त्यांनी त्यातून इतरांसाठी काम उभे केले. परदेशी राहूनही हे करता येते, याचा हा दाखला आहे.

मग घरच्यांनी काय करावे? वर्गास जाणाऱ्यास "तिथे काय बोललास?" असे विचारू नये. त्याचा अभ्यास होऊ द्यावा. तो "आज माझा आकडा सत्तर आहे" म्हणाला तर वाद थांबवावा व पाण्याचा पेला पुढे करावा. त्याची खुर्ची सणावारी, मलिद्याच्या प्रसंगी, लग्नाच्या पंगतीत राखून ठेवावी. आणि स्थळ पाहताना "त्यांच्या घरात कोणी तसे आहे काय?" हा प्रश्न आपण स्वतः विचारणे सोडावे. मौन तोडण्यास आजाऱ्याने नव्हे, निरोग्याने आरंभ करावयाचा असतो.

ज्या समाजाने कोकणच्या किनाऱ्यापासून येथवर प्रत्येक पिढीत नवे काही शिकून आपला निभाव केला, त्यास आणखी एका वर्गात नाव घालणे जड जाऊ नये. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात असे कोणी असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. साखरेची चौकशी करता तशीच झोपेची चौकशी करा, आणि त्यास एकटे जाववत नसेल तर पहिल्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत सोबत जा.