‘प्रेमानं म्हणायचो हो!’

साठी ओलांडलेल्यांशी या विषयावर बोलायला लागलं, की तिसऱ्या मिनिटाला हे वाक्य येतंच. पाठोपाठ ‘तुम्हा पोरांना हल्ली कशाचंही लागतं.’ आणि मग हुकमी एक्का : आपला विठोबासुद्धा काळाच की! बरोबर आहे. विठोबा काळा चालतो, पण सुनेच्या स्थळाला किमान ‘निमगोरी’ असावंच लागतं. (निमगोरी! हा शब्द शोधणाऱ्याला मराठीनं मानाचं पान द्यायला हवं.)

प्रेमाचं म्हणाल, तर डॅरेन सॅमी आठवा. सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला ‘काळू’ म्हणत. तो समजत होता, याचा अर्थ तगडा घोडा. खरा अर्थ कळल्यावर, २०२०मध्ये, तो जाहीरपणे चिडला. नंतर एका सहकाऱ्यानं त्याला समजावलं, की सगळं प्रेमापोटीच होतं. असेल. पण ज्या प्रेमाचा अर्थ ज्याच्यावर ते केलं त्यालाच सांगितला जात नाही, त्याला मी प्रेम म्हणणार नाही.

आता माझ्या पिढीकडे येतो. आमचं कौतुक फार होतं, आम्ही जागरूक आहोत म्हणे. त्याच २०२०मध्ये आम्ही इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले. ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, ट्यूबमधली क्रीम खपतच राहिली. आम्हीही तेवढंच केलं, लेबल बदललं. ‘चिंकी’ म्हणू नये हे आम्हाला पाठ आहे. २०१४मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या नीडो तानियाला त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून डिवचलं गेलं, मग मारहाण झाली आणि तो मेला, हेही ठाऊक आहे. तरी मित्रांत तोच विनोद करतो, फक्त आधी ‘हे जरा रेसिस्ट आहे हं’ एवढं जोडतो. आजोबांना आपण काय बोलतोय हे कळत नव्हतं, असं घटकाभर धरून चालू. आम्हाला कळतं, आणि ते कळणंच आम्ही परवान्यासारखं खिशात घालून फिरतो.

म्हणून आजोबांची टर उडवणाऱ्या रील्स मला बघवत नाहीत. त्या करणाऱ्यांपैकी किती जण सोसायटीच्या सभेत, नायजेरियन विद्यार्थ्याला फ्लॅट भाड्यानं द्यायचा विषय निघाल्यावर, हात वर करतील? मी अशा सभेला बसलोय. आजोबा उघड ‘नको’ म्हणाले. आमच्या वयाचे तिघे होते, तिघेही मोबाइलमध्ये बघत होते. ठराव एकमतानं झाला, एका मताचा विरोध नोंदवून. ते मत माझं होतं, आणि इतिवृत्तात माझं नाव चुकीचं लिहिलंय.