मैदान कोणाचे आणि तक्रार कशाची?

आमच्या टिळकवाडीत फुटबॉलचे दोन पक्ष आहेत. कोणाची मुले बेंगळूरला नोकरीत, तर कोणाचे सोयरे मडगावात. बेंगळूर आणि गोव्याची लढत लागली की सकाळच्या फिरण्यातही वाद रंगतो. हरणाऱ्याची तक्रार ठरलेली: "मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे!"

आम्ही बँकेत आयुष्य काढले, त्यामुळे आधी खाते पाहतो. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना २०१५ मध्ये फातोर्ड्याला, २०१६ मध्ये कोचीला, २०१८ मध्ये बेंगळूरला आणि २०२४ मध्ये कोलकात्याला झाला. चारही वेळा यजमान शहराचा संघ खेळला आणि चारही वेळा तोच हरला. २०२५ मध्ये मात्र मोहन बागानने कोलकात्यात बेंगळूरला २-१ असे हरवले.

म्हणून घरच्या मैदानाचा फायदा खोटा ठरत नाही. त्याच वर्षी उपांत्य फेरीत बेंगळूरने घरी २-० आणि गोव्याने घरी २-१ असा विजय मिळवला. पण तिथे दोघांनाही आपापले मैदान मिळाले होते. अंतिम सामना एकच. त्याचे यजमानपद मोहन बागानला मिळाले, ते साखळीत पहिला क्रमांक पटकावल्यामुळे.

आमच्या मते फायदा कमावलेला असेल आणि नियम आधी जाहीर असेल, तर अन्याय नाही. हरकत घ्यायची ती सामन्याआधी, लेखी घ्यावी. निकालानंतर उरते ती रड. आपल्या मंडळांनी स्पर्धा भरवतानाही एवढे पाळले, तर मैदानावरची भांडणे घरापर्यंत येणार नाहीत.