प्रयत्नांती परमेश्वर?

आम्ही दोघेही जालना जिल्ह्यात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या वर्गात पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनाविषयी चर्चा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शरण जाणे म्हणजे हार मानणेच ना?" हा मुलगा तीन वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करीत होता. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर 'प्रयत्नांती परमेश्वर' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. त्या वेळी दिलेल्या उत्तराने ना त्याचे समाधान झाले, ना आमचे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुसरी आवृत्ती होय.

प्रयत्नवादाचे बाळकडू आमच्या जिल्ह्याला परके नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). यत्नाला देवत्व देणाऱ्या या संताची आठवण स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गांतही हमखास निघते. मात्र दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन करताना समर्थांनी शेवटची पायरी म्हणून जी सांगितली ती 'आत्मनिवेदन' ही होय, याची आठवण तेथे सहसा होत नाही. आठ पायऱ्या माणसाने चढायच्या आणि नवव्या पायरीवर चढणाऱ्यालाच अर्पण करायचे, असा तो क्रम आहे.

याच जिल्ह्यात शरणागतीची एक दुसरी परंपराही रुजली. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्री १८६०च्या दशकात जालन्यास आले. पुढे निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तेथे आलेल्यांत गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या जातींतील माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांना 'प्रयत्न करा, योग्य व्हा, मग देव भेटेल' असे सांगणे म्हणजे ज्या दाराला बाहेरून कुलूप घातले आहे ते दार ठोठावायला सांगण्यासारखे होते. पात्रतेची अटच नसलेले बोलावणे त्यांच्या कानी कसे पडले असेल, याची आपण केवळ कल्पना करू शकतो.

परंतु पात्रतेचे ओझे केवळ वंचितांवरच असते असे नाही. रमाबाईंच्या जीवनातून हे स्पष्ट होते. त्यांचे आईवडील व त्या वर्षानुवर्षे तीर्थयात्रा, उपोषणे, पुराणकथन, दानधर्म करीत हिंडले. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला. पुढे विद्वत्तेच्या बळावर रमाबाईंनी कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. आता तरी मनाला स्वस्थता मिळावी, असे कोणालाही वाटेल. तसे घडले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, परंतु ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे निःसंकोचपणे नोंदवले आहे. जुन्या व्रतांच्या जागी त्यांनी नवी व्रते ठेवली होती, हिशेबाची वही मात्र तीच होती.

तो हिशेब मिटला तो अधिक पुण्य जमा करून नव्हे. आपण पापी व असहाय आहोत, आणि करावयाचे ते दुसऱ्या कोणी आपल्यासाठी केलेलेच आहे, हे मान्य केल्यावर तो मिटला. ख्रिस्ती शरणागतीचे मर्म येथे आहे. आपल्या परंपरेत यासाठी एक सुंदर दृष्टान्त आहे. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आई उचलून नेते. वैष्णव आचार्यांत या दोन न्यायांवरून वाद झाले. ख्रिस्ती शरणागती बहुतांशी दुसऱ्या न्यायाच्या बाजूची आहे. आपली पकड सुटेल ही धास्ती तेथे संपते, कारण मदार आपल्या पकडीवर नसतेच.

यावरचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे, आणि तो क्षुल्लक नाही. २०१२-१३च्या दुष्काळात आमचा जिल्हा होरपळला. वाळलेल्या मोसंबीच्या बागेसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला 'सर्व देवावर सोड' असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. ज्यांनी पाण्याची तजवीज करावयाची त्यांना असला उपदेश सोयीचाही ठरतो. शरणागतीच्या नावाखाली अन्याय सोसायला लावणारे सर्व धर्मांत झाले आहेत, ख्रिस्ती धर्मातही झाले आहेत.

तथापि रमाबाईंनी शरण गेल्यावर काय केले, हे पाहिले पाहिजे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, भुकेल्या मुलींना व विधवांना सोबत घेऊन आल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना उद्योग शिकवले. मूळ भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सोडले नाही. आदल्याच वर्षी मुलगी मनोरमा गेली होती, तरीही. एका दुष्काळाने आईबापांना नेले होते. दुसऱ्या दुष्काळाच्या तोंडातून त्यांनी शेकडोंना ओढून काढले. या बाईने हार मानली असे कोण म्हणेल?

म्हणून आमचे मत असे की, शरणागती प्रयत्नाची जागा घेत नाही, ती प्रयत्नाची जागा बदलते. पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हा क्रम स्पष्ट आहे. तारण हे कर्मांचे फळ नसून दान आहे, असे आधी म्हटले आहे, आणि लगेच पुढे, माणूस सत्कर्मांसाठीच घडवला गेला आहे, असे सांगितले आहे. कर्मे राहतात, परंतु ती आता किंमत म्हणून मोजावयाची नसतात. आपली म्हण उलटी वाचावी असे हे आहे. परमेश्वर प्रयत्नाच्या शेवटी उभा नाही, तो आरंभी आहे.

आम्ही दोघेही ख्रिस्ती नाही. रमाबाईंची श्रद्धा आमची आहे असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही वयाच्या चाळिशीत, पदोन्नतीचे गुण मोजताना व विद्यार्थ्यांना गुण देताना, आयुष्याचा गुणतक्ता कोणीतरी आपल्या हातून काढून घ्यावा, ही तहान आम्हांला जाणवते. ती तहान त्या मुलाच्या प्रश्नातही होती, हे आम्हांला उशिरा कळले. शरण जाणे म्हणजे हार का, एवढेच त्याला विचारावयाचे नव्हते. हरलो तर माझी किंमत उरेल का, हे त्याला विचारावयाचे होते.

त्याला आता आम्ही इतकेच सांगू : अभ्यास कर, उद्याही कर. परंतु तुझी किंमत निकालाच्या यादीवर ठरत नाही, ती यादी लागण्यापूर्वीच ठरलेली आहे. हे ज्या दिवशी खरे वाटेल, त्या दिवशी रात्री झोप लागेल, आणि बहुधा अभ्यासही बरा होईल.