आपलेच दात, आपलेच ओठ

मराठी भाषेने दातांना पुष्कळ कामे लावली आहेत. संतापलेला माणूस दातओठ खातो, वैरी मनात दात धरतो, भीतीने दातखिळी बसते, विनवण्या करणाऱ्याच्या दातांच्या कण्या होतात, आणि वर्गात विनाकारण हसणाऱ्या मुलाला मास्तर ‘दात काय काढतोस?’ म्हणून दटावतात. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ या म्हणीतही दातांकडून अपेक्षा आहे ती असण्याची आणि चावण्याची. ते एका रेषेत उभे असावेत, ही अपेक्षा यांपैकी कुठल्याही प्रयोगात नाही. शहरी मध्यमवर्गाने ती गेल्या दोन-तीन दशकांत दातांवर लादली आणि आता ती इतकी अंगवळणी पडली आहे, की वाकडा दात दिसला म्हणजे त्या घरात कुणाचे लक्ष नव्हते असेच आपण गृहीत धरतो.

लहानपणी तारा लावल्या जातात तेव्हा निर्णय आईवडिलांचा असतो. मुलाला विचारतात ते फार तर तारेवरच्या रबराच्या कड्यांचा रंग. विशीत किंवा पंचविशीच्या आसपास हा उपचार घेणाऱ्याचे तसे नसते. हातात पहिल्या नोकरीचा पगार असतो, घरात लग्नाचा विषय निघू लागलेला असतो, मुलाखती चालू असतात, आणि कागदावर सही स्वतःला करायची असते. मी हा उपचार चोविसाव्या वर्षी घेतला. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागून तेव्हा एक वर्ष झाले होते. वरचे दोन आणि खालचे दोन असे चार निरोगी दात काढले गेले, आणि पुढे सव्वादोन वर्षे मी तारा वागवल्या. परिणामाबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो हा निर्णय ज्या भाषेत घेतला जातो त्या भाषेचा, आणि भाषेचा प्रश्न असल्यामुळेच तो इथे मांडावासा वाटतो.

आधी निरोगी दात काढावे का लागतात, ते पाहू. अक्कलदाढा धरून प्रौढ माणसाचे दात ३२. मूल वाढत असते तोवर जबड्याच्या वाढीला थोडेफार वळण देता येते. चोविसाव्या वर्षी जबडा असेल तेवढाच राहतो. दात दाटीवाटीने उभे असतील किंवा पुढे झुकलेले असतील, तर जागा निर्माण करण्याचे मार्ग मोजकेच उरतात: दातांची कमान थोडी रुंदावणे, दातांच्या कडा किंचित घासणे, जबड्याची शस्त्रक्रिया करणे, किंवा काही दात काढणे. काढायची वेळ आली तर बहुधा सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढेवर येते, कारण ती ओळीच्या मध्यावर असते आणि तिच्यासारखेच काम करणारी दुसरी उपदाढ तिच्या मागे हजर असते. तिची रुंदी साधारण ७ मिलिमीटर. तारेच्या हलक्या पण सततच्या दाबाने दाताच्या एका अंगाचे हाड पेशी विरघळवतात आणि दुसऱ्या अंगाला नवे हाड घडवतात. दात महिन्याकाठी सुमारे १ मिलिमीटर सरकतो. एका उपदाढेची जागा भरून यायला किती काळ जातो, याचा अंदाज यावरून करता येईल. तारा घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस मऊ वरणभातावर काढावे लागतात, भाकरी दुधात कुस्करून खावी लागते, आणि चिकटपदार्थ तर वर्ज्यच असतात. त्याचे फारसे काही वाटत नाही. जड वाटतो तो दात काढल्यानंतरचा पहिला आठवडा, जेव्हा जीभ पुन्हापुन्हा त्या रिकाम्या जागी जाते आणि तिथे काहीही आजारी नव्हते, हे तिला आठवत राहते.

या उपचारशाखेच्या इतिहासात निरोगी दात काढावेत की नाही, यावर मोठा वाद झालेला आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो आपल्याच घरातला वाटावा असा आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा जनक मानला जाणारा अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) याने दातांच्या वाकडेपणाचे वर्गीकरण १८९९ मध्ये मांडले. ते आजही वापरात आहे. प्रत्येक माणसाला निसर्गाने सर्व दात व्यवस्थित सामावतील अशी क्षमता दिली आहे, म्हणून एकही दात काढू नये, असे अँगलचे ठाम मत होते. माणूस मुळात परिपूर्णतेला पोचू शकतो, या रूसोच्या विचाराचा त्याच्यावर प्रभाव होता, असे या शाखेची पाठ्यपुस्तकेच सांगतात. आदर्श चेहऱ्याचा नमुना म्हणून तो प्रारंभी ‘अपोलो बेल्व्हेडेअर’ या शिल्पाकडे बोट दाखवत असे. एडमंड वुअरपेल या चित्रकलेच्या शिक्षकाशी झालेल्या चर्चांमधून त्याला पटले, की चेहऱ्यांचे वैविध्य पाहता कोणताही एकच चेहरा आदर्श ठरवता येणार नाही. मग त्याने तोडगा काढला: दात आदर्श रीतीने जुळवावेत, म्हणजे ज्याचा त्याचा चेहरा आपोआप आपल्या परीने सुंदर होईल. कॅल्व्हिन केस याने याला विरोध केला. सगळे दात ठेवून कमान रुंदावली तर काहींचे ओठ पुढे येतात आणि दात पुन्हा मूळ जागी सरकतात, तेव्हा निवडक रुग्णांत दात काढणेच योग्य, असे त्याचे म्हणणे होते. १९११ मध्ये हा वाद अमेरिकेतील दंतवैद्यांच्या व्यासपीठावर गाजला. त्या वेळी अँगलचा पक्ष वरचढ ठरला. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने, स्वतः उपचार केलेल्या रुग्णांचे दात पुन्हा वाकडे झालेले पाहून, १९३०च्या दशकात त्यांच्यावर दात काढून नव्याने उपचार केले आणि वाद गुरूच्या विरोधात फिरवला.

त्यानंतर काय झाले, ते आकड्यांतच पाहावे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या नोंदींनुसार दात काढून उपचार केलेल्या रुग्णांचे प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के होते, १९६८ मध्ये ते ७६ टक्क्यांवर गेले आणि १९९३ मध्ये २८ टक्क्यांवर उतरले. चाळीस वर्षांत एका प्रांतातल्या माणसांचे जबडे लहान होऊन पुन्हा मोठे झाले असतील, असे कोणी म्हणणार नाही. तंत्रे बदलली, दात काढूनही ते स्थिर राहण्याची हमी मिळत नाही हे लक्षात आले, आणि चेहरा कसा असावा याविषयीची अभिरुचीही बदलली. आत ओढलेल्या ओठांपेक्षा थोडे भरलेले ओठ लोकांना आवडू लागले. १९६८ मध्ये ज्या मुलीचे चार दात ‘आवश्यक’ म्हणून काढले गेले असते, तिचे ते १९९३ मध्ये कदाचित शाबूत राहिले असते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ज्या निर्णयात अभिरुचीचा इतका मोठा वाटा आहे तो आपल्यासमोर येतो तेव्हा त्याचा पोशाख पूर्णपणे वैद्यकीय असतो. ‘दोष’, ‘विकृती’, ‘दुरुस्ती’ हे त्याचे शब्द. मला सही करायला दिलेला कागद इंग्रजीत होता. त्यात दुखणे, हिरड्यांची सूज, मुळे किंचित आखूड होण्याची शक्यता, सारे प्रामाणिकपणे नोंदले होते. दात न काढल्यास माझे नेमके काय बिघडणार, हे मात्र त्यात कुठेही नव्हते. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘प्रोफाइल चांगला येईल.’ हे उत्तर प्रामाणिक होते, आणि ते सौंदर्यशास्त्रातले होते. त्या उत्तराची जागा कागदावर असायला हवी होती.

‘दोष’ हा शब्द किती सापेक्ष आहे, हे आपल्या परंपरेतच दिसते. मराठी भूगोलाच्या पुस्तकात किनारा ‘दंतुर’ असला की ते वैभव ठरते, कारण वेड्यावाकड्या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे मिळतात. माणूस दंतुर असला की ते वैगुण्य. संस्कृत काव्याच्या संकेतात दात कुंदकळ्यांसारखे किंवा डाळिंबाच्या दाण्यांसारखे असावेत. पण मेघदूतात यक्षपत्नीच्या दातांना कालिदासाने जे विशेषण दिले आहे, त्याचा अर्थ टीकाकारांनी ‘टोकदार’ असा केला आहे. आजचे चिकित्सालय तिचे सुळे घासून सपाट करण्याचा सल्ला देईल. जपानमध्ये सुळा ओळीबाहेर डोकावणे, म्हणजे ‘याएबा’, अनेकांना गोड वाटते, आणि काही तरुणींनी तो मुद्दाम बसवून घेतल्याच्या बातम्या २०११ च्या सुमारास आल्या होत्या. आपण साहित्याची माणसेही या बाबतीत निरागस नाही. चॉसरने बाथच्या बाईच्या फटीच्या दातांतून तिचा स्वभाव सुचवला आणि राक्षसाला सुळे दिल्याशिवाय आपल्या बालकथा पुढे सरकत नाहीत. दातांवरून माणूस वाचण्याची सवय वाङ्मयानेही आपल्याला लावली आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग नकोतच त्या तारा. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि आपल्या वर्तुळात तो फार सहज काढला जातो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवे. तारा लावून मी पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, ‘आता या वयात कशाला, मॅडम? तुम्ही तर वाचणाऱ्या.’ जो वाचतो त्याने आरशापासून सुटका करून घेतलेली असावी, ही समजूत त्या वाक्यामागे होती. बाह्यरूपाला महत्त्व देऊ नये, हे ज्याचे दात मुळात सरळ आहेत त्याला सांगणे सोपे असते. ज्या मुलीने शाळेपासून छायाचित्रात ओठ मिटून ठेवले, हसताना तोंडावर हात धरला, वक्तृत्वस्पर्धेत नाव देता देता मागे घेतले, तिच्या इच्छेला उथळ म्हणणे हा बौद्धिक आळस आहे. शिवाय दाटीत उभे असलेले दात नीट घासता येत नाहीत, काहींना नीट चावताही येत नाही. त्यांच्यासाठी हा उपचार आरोग्याचाच असतो.

थोडक्यात, दोन्ही बाजूंना एक शब्द टाळायचा आहे. चिकित्सालयाला ‘सुंदर’ म्हणायचे नाही, म्हणून ते ‘दोष’ म्हणते. बुद्धिवंताला ‘सुंदर’ म्हणायचे नाही, म्हणून तो ‘साधेपणा’ म्हणतो. मधल्या मध्ये चोविशीच्या तरुणाला आपली साधी इच्छा सांगायला भाषाच उरत नाही. मग तोही ‘डॉक्टरांनी सांगितलं, करावंच लागणार होतं’ असे सगळ्यांना सांगत फिरतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक अवघड होते. इच्छा तिची की येणाऱ्या स्थळांची, हे ‘करावंच लागणार होतं’ या वाक्याआड कायमचे झाकले जाते. स्थळांसाठी म्हणून दात काढण्याला तिने नकार द्यावा आणि स्वतःसाठी काढायचे असतील तर ते निःसंकोच काढावेत, असे मला वाटते. पण हा भेद करायला आधी ‘मला असं दिसायला आवडेल’ हे वाक्य लाज न बाळगता उच्चारता आले पाहिजे.

उच्चारावरून आणखी एक. तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असे होत नाही. दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून त्यांना जागेवर धरणारी प्लेट वापरावी लागते, आणि हल्ली ती रात्रीपुरती का होईना, वर्षानुवर्षे वापरण्याचा सल्ला दिला जातो. टाळूवर बसणारी ही प्लेट पहिल्या काही दिवसांत बोलणे बिघडवते. मराठीत ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. नेमक्या त्याच आठवड्यात हा भेद वर्गात शिकवण्याची वेळ माझ्यावर आली आणि दोन्ही च एकाच फुसफुसीत आवाजात बाहेर पडले. मुले हसली, मीही हसले. एखाद्याचे रूप एकदा ‘दुरुस्त’ केले की प्रकरण मिटले, ही कल्पना किती चुकीची आहे, ते ही प्लेट रोज सांगते. शरीराशी केलेला हा करार दर रात्री नव्याने पाळावा लागतो. सही करण्यापूर्वी हेही स्पष्ट शब्दांत सांगितले जायला हवे.

‘आपलेच दात, आपलेच ओठ’ ही म्हण घरच्याच माणसाने दुखावले की वापरतात: तक्रार करायची तरी कुणाकडे? या उपचारात ती शब्दशः खरी ठरते, कारण दात किती मागे घ्यावेत यावर ओठ कसे दिसतील ते ठरते. विशीतल्या रुग्णाला त्याचे दात आणि ओठ खरोखरच ‘आपलेच’ वाटायचे असतील, तर उपचारापूर्वी दोन प्रश्न त्याने मराठीतून विचारावेत आणि त्यांची उत्तरे मराठीतून लेखी घ्यावीत. हे दात न काढल्यास माझ्या आरोग्याचे काय नुकसान होईल? आणि काढल्यास माझा चेहरा कोणाच्या मते अधिक चांगला दिसेल? पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर रुग्णाने स्वतः लिहावे आणि मगच सही करावी.