'टीसी आणा, मग बघू'

दिवाळी आटोपली की जेऊरच्या आसपास, उजनी धरणाच्या फुगवट्याकडच्या रानांत कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, वर ताडपत्री, आत तीन दगडांची चूल. आष्टी-पाटोद्याकडून, पाथर्डी-जामखेडकडून ऊस तोडायला आलेले कोयते मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत तिथंच राहतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. पोरांचा हिशेब त्यात कुठंच नसतो.

गेल्या हंगामात अशाच एका तळावर बैलगाडीवाल्याची एक मुलगी पाहिली. नऊ-दहा वर्षांची असेल. धाकटा भाऊ कडेवर, हातात काट्याची पावती. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन तिनं तोंडी वजा केलं, हातचा घेताना ओठ हलवले, आणि बापाला म्हणाली, "दोन टन एकशे चाळीस. बरोबर हाय." निव्वळ वजन पावतीवर छापलेलं होतंच, पण पोरीचा छापील आकड्यावर भरवसा नव्हता. कितवीत आहेस, विचारलं. "गावाकडं चौथीत हाय." आणि इथं? ती बापाकडं बघायला लागली. बाप म्हणाला, "गेलतो की शाळंत. टीसी आणा म्हनले, मग बघू."

शाळेचं नाव सांगत नाही. ते वाक्य काही एका शाळेचं नाही, आणि गुरुजी वाईट होते असंही नाही. त्यांनी त्या माणसाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. फक्त प्रवेश दिला नाही. आणि तेवढी एकच गोष्ट कायद्यानं त्यांच्या हातात ठेवलेली नव्हती.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं पाचवं कलम सांगतं की टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, लांबवताही येणार नाही. चौदावं कलम सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणा मुलाला परत पाठवता येणार नाही. पंधरावं कलम म्हणतं, शाळा सुरू होऊन कितीही दिवस झाले असोत, मूल आलं तर घ्या. आणि नवव्या कलमात, स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांच्या यादीत, एक ओळ स्वतंत्र घातली आहे: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं. म्हणजे बापानं शाळेत चकरा मारायच्या नाहीत, झेडपीनं कोपीपर्यंत जायचं. आपल्याकडं हे बरोब्बर उलटं चालतं.

आता पलीकडच्या बाजूचं म्हणणंही नीट मांडायला हवं. समोरच्याचा मुद्दा मुद्दाम लेचापेचा करून मग हाणण्यात पुरुषार्थ नाही.

पहिला आक्षेप शब्दाचाच. या मुलांना बेघर म्हटलं की लोक विचारतात, बेघर कसली? गावाकडं यांची घरं आहेत, काहींची तर आपल्यापेक्षा पक्की. खरं आहे, आहेत. पण ते घर पोरीपासून शे-दीडशे किलोमीटरवर कुलूपबंद आहे, आणि ती निजते ताडपत्रीखाली. अमेरिकेत बेघर मुलांच्या शाळेसाठी १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. त्यात बेघराची व्याख्या करताना रात्री मूल कुठं झोपतं हे पाहतात. गाडीत, तंबूत, राहायला नालायक खोपटात झोपणारं मूल त्यात येतं, कामामागे फिरणाऱ्या मजुरांची अशी मुलंही येतात. अशा मुलाला शाळेनं कागद नसले तरी ताबडतोब बसवायचं आणि जुन्या शाळेतून कागद मागवायचं काम आपण करायचं, अशी तिथली रीत. तिथं सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नये. पण बेघर कोणाला म्हणायचं, हा वाद त्यांनी पोराच्या डोक्यावर ठेवला नाही. शिवाय आपल्याकडं पालं घेऊन फिरणारे मसणजोगी, वैदू, डवरी गोसावी आहेत. त्यांच्यातल्या कितीकांना 'गावाकडचं घर' ही सोयही नाही. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं. गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी बापानं पोराला शाळेत घातलं, त्याची ती हकीकत. आपण तिचं कौतुक केलं, साहित्य अकादमीचा पुरस्कार झाला, आणि शाळेची दारं मात्र पूर्वीसारखीच टीसी मागत राहिली.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. एका गुरुजींनी मला तो स्पष्टच सांगितला: "आमचा पट मोजतात तीस सप्टेंबरला. ही पोरं येतात दिवाळीनंतर. वर्गात वीस जास्तीची बसली तरी शिक्षक एकही वाढत नाही. आधार जुळत नाही म्हणून ऑनलाइन नोंद होत नाही. बाकी अहवाल मात्र वाढतात." यात एक शब्द खोटा नाही. संच मान्यता त्या तारखेच्या पटावर होते, आणि शिक्षकांची पदं संच मान्यतेवर. उलट गावाकडच्या शाळेला या पोरांची नावं पटावर हवीच असतात. पट घसरला तर तिथलं पद जातं. म्हणून पोरगी तिकडं हजेरीपटावर आहे पण वर्गात नाही, इकडं वर्गाच्या दारात आहे पण पटावर नाही. दोन्हीकडच्या मास्तरांना दोष देऊन भागणार नाही, मोजणीच चुकीच्या महिन्यात होते. मात्र याचा अर्थ दुसरी मोजणी करा असा होतो. डिसेंबरात, कोप्या पडल्यावर, ऊसपट्ट्यातल्या शाळांचा पट पुन्हा मोजा आणि हंगामापुरते शिक्षक द्या. पोर्टलवर रकाना नाही म्हणून हाडामांसाचं पोर शाळाबाह्य ठरवणं हा मात्र शुद्ध कारकुनी वेडेपणा आहे.

तिसरा: चार-पाच महिन्यांसाठी कशाला, मार्चला जाणारच की. पण वर्षाचा हिशेब मांडून बघा. पहिली ते पाचवीला कायद्यानं कामाचे दिवस २००. जून ते दिवाळी त्यातले अर्धे जेमतेम भरतात. मग जे उरतं त्याला 'थोडे दिवस' म्हणायचं कोणत्या तोंडानं? अपूर्णांक, भागाकार, धडे वाचून उत्तरं लिहिणं, हे सगळं तर त्याच थंडीच्या महिन्यांत होतं.

चौथा: आईबापांनाच नको असतं. हा आक्षेप मला फार सोयीचा वाटत आला आहे. आई पहाटे चारला फडात जाते. मोठी पोर कोपीवर राहून धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढी बांधायला हात लावते. शाळा दोन-तीन किलोमीटरवर, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. तुमची-माझी आठ वर्षांची पोर त्या रस्त्यानं एकटी पाठवू का आपण? तळाजवळ बाळांना सांभाळायची सोय आणि सकाळी एक जीप, एवढं करून बघा, मग आईबापांना काय हवं ते विचारा. मी विचारलं तेव्हा त्या बापानं तक्रार केली ती एवढीच की टीसीसाठी गावाला जायचं तर दोन दिवसांचा खाडा पडतो, आणि खाडा उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, मांडला जातो.

पाचवा आक्षेप म्हणजे हंगामी वसतिगृहं आहेत की! हो, आणि जिथं आजी-आजोबा धडधाकट आहेत तिथं मूल गावातच ठेवून दोन वेळचं जेवण देणं हाच उत्तम मार्ग आहे, हे मी मान्य करतो. २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही आली, तिचं स्वागतच. पण वसतिगृह ही सोय आहे. ती घेतली नाही म्हणून इथला हक्क बुडत नाही. सहा वर्षांची पोर आईपासून पाच महिने तोडायची का, हे आईला ठरवू द्या.

साखरशाळांबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडं ओढतं. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं वसईकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, पुढं कारखान्यांवर साखरशाळा आल्या. जिथं काहीच नव्हतं तिथं या शाळांनी अक्षर नेलं. पण कारखान्याच्या आवारातलं पत्र्याचं शेड हीच तुमची शाळा, असं कायमचं सांगणं म्हणजे गावकुसाबाहेरची वेगळी विहीर. मागे पडलेल्या मुलासाठी कायद्याच्या चौथ्या कलमात विशेष प्रशिक्षण आहे, आणि तेही वयाप्रमाणे वर्गात नाव घातल्यावर. तळावरचा वर्ग पूल म्हणून चालेल. नाव मात्र गावच्या शाळेच्या रजिस्टरातच हवं.

मग करायचं काय? अवघड असं फारसं नाहीच. कोणत्या मुकादमाची टोळी कोणत्या गटात उतरणार हे कारखान्याला हंगामाआधीच ठाऊक असतं, कारण त्यावर उचल वाटलेली असते. बैल किती, टायर किती, सगळ्याची यादी असते. तीत पोरांचा एक रकाना वाढवा आणि यादी केंद्रप्रमुखाकडं द्या. पोर आलं त्या दिवशी नाव घाला, पोषण आहार सुरू करा, टीसी मुख्याध्यापकांनी मागवावी. जाताना हजेरी आणि झालेल्या धड्यांची नोंद हातात द्यावी. शिक्षण हमी पत्रक याचसाठी काढलं होतं, ते बहुतेक ठिकाणी कपाटातच राहिलं. आणि शाळेचं वार्षिक वेळापत्रक ठरवण्याचा अधिकारही नवव्या कलमानं स्थानिक प्राधिकरणालाच दिला आहे, तो कधी कोणी वापरलेला मी तरी पाहिला नाही.

जेऊरकरांशी एक घरचं बोलायचं आहे. उजनीच्या पाण्यात आपल्याच तालुक्यातली गावं गेली, केत्तूरसारखी गावं उठून दुसरीकडं वसली. घर असून बेघर होणं काय असतं, हे कोणी आपल्याला पुस्तकातून शिकवायला नको. त्याच पाण्यावर आज ऊस उभा आहे आणि तो तोडायला ही माणसं येतात.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपणच. कायद्याप्रमाणे लेखी तक्रार केली तर निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात निम्म्याहून अधिक ऊस तोडून झालेला असतो. तेव्हा तक्रारीची वाट बघू नका. ऑक्टोबरच्या सभेत हा एक विषय घ्या, आणि पहिली कोपी पडली की दोघांनी रजिस्टर घेऊन तळावर जा.