विश्लेषण : विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी का चालते?

भातकापणीच्या दिवसांत उडवीत हात घालताना किंवा गडग्यातला चिरा हलवताना विंचू डसणे रत्नागिरी, रायगडला नवे नाही. काळा विंचू दिसायला भीतीदायक, पण जिवावर बेततो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. त्याच्या दंशावर उतारा ठरलेले औषध मुळात रक्तदाबाचे आहे. हे कसे, ते समजून घेतले तर औषध शरीरात नेमके काय करते, तेही कळते.

पेशीवरचे कुलूप

आपल्या पेशींवर विशिष्ट आकाराचे प्रथिनांचे रेणू असतात. त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप समजा. अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन ही शरीराचीच रसायने म्हणजे किल्ल्या. किल्ली बसली की पेशी कामाला लागते. काही औषधे अशीच किल्लीसारखी वागतात आणि कुलूप उघडतात. काही औषधे कुलपात बसतात, पण ते उघडत नाहीत. फक्त जागा अडवून धरतात, म्हणजे खरी किल्ली आत जाऊ शकत नाही. प्राझोसिन हे या दुसऱ्या प्रकारचे औषध.

विष काय करते?

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात आणि अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पूर येतो. ही रसायने रक्तवाहिन्यांवरील ‘अल्फा-१’ ग्राहींवर बसतात, वाहिन्या आवळतात आणि रक्तदाब भडकतो. हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. रुग्ण दगावतो तो बहुधा यामुळे. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही धोक्याची सुरुवातीची लक्षणे.

महाडचा धडा

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जात होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांच्या बारीक नोंदी ठेवल्या. विष अल्फा ग्राहींना छळते, तर तेच ग्राही अडवावेत, या विचाराने त्यांनी प्राझोसिन वापरले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९८६ मध्ये ते काम छापले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळपास तिसरा हिस्सा दगावत असे. पुढे हे प्रमाण अगदी खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मग प्रतिविष कशाला?

प्राझोसिन ग्राही अडवते, पण रक्तातले विष तसेच राहते. प्रतिविष थेट विषालाच धरते. महाडच्याच रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या चाचणीत दोन्ही मिळालेले रुग्ण नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. एक उपाय चोराला पकडतो, दुसरा कुलूप राखतो.

गोळी घरात ठेवावी का?

नाही. प्राझोसिनच्या पहिल्याच मात्रेने रक्तदाब एकदम घसरू शकतो. म्हणून रुग्णाला झोपवून, रक्तदाब तपासत ते द्यावे लागते. ‘रक्तदाबाची कोणतीही गोळी चालेल’ हा समजही घातक आहे. बीटा ग्राही अडवणारी गोळी दिली, तर अल्फा ग्राहींवरचा मारा तसाच चालू राहतो आणि हृदयाची ताकद मात्र कमी होते. कुलूप कोणते, हे ओळखूनच औषध निवडावे लागते.

वेळ कुणाच्या हातात?

मांत्रिकाकडे, जडीबुटीत किंवा दंशाची जागा कापण्यात गेलेला प्रत्येक तास फुप्फुसांत पाणी भरायला मोकळा मिळतो. रुग्णाने थेट आरोग्य केंद्र गाठावे, ही झाली घरच्यांची जबाबदारी. पण तिथे पोहोचल्यावर गोळी, प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर रात्रीही हजर असणे, ही शासनाची. प्राझोसिन महागडे औषध नाही. उपचार कोकणातल्याच एका आरोग्य केंद्राच्या खाटेवर उभा राहिला. कोकणातल्या दुसऱ्या आरोग्य केंद्रात तो मिळाला नाही म्हणून कुणी दगावले, तर त्याचा दोष विंचवावर ढकलता येणार नाही.