छतावरचे हंस, बांधावरचा पळस



जपानमध्ये चित्रकलेचा एक जुना प्रकार आहे. त्याला ‘काचो-गा’ म्हणतात. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी. बांबूवर चिमणी, लव्हाळ्यात हंस, एवढाच विषय. पण ऋतू नेमका. होकुसाई (१७६०-१८४९) आणि हिरोशिगे (१७९७-१८५८) हे त्यातले नामवंत चित्रकार. चित्रकार रेखाटन करी, कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी, छापणारा रंगागणिक वेगळा ठसा उमटवी. अनेक हातांच्या या मेहनतीमुळे चित्र स्वस्त झाले आणि शहरातल्या साध्या माणसाच्या घरात पोचले.

हे आपल्याला परके नाही. वाशिमहून मेहकर, चिखली, बुलढाणा या वाटेने अजिंठ्याला जा. दोन नंबरच्या लेण्यात मान वर करा. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी रंगवलेल्या हंसांची रांग छतावर दिसेल. कुणी मान वळवलेली, कुणी पंख उघडलेले. एकासारखा दुसरा नाही. ज्याने तळ्याकाठी बसून हंस पाहिले, त्यालाच हे जमते.

या चित्रांच्या नकला अनेकांनी केल्या. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनला आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या पुष्कळशा १८८५ मध्ये तिथेच जळाल्या. जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी अजिंठ्याला येऊन नकला केल्या. त्या १९२३ च्या भूकंपातल्या आगीत तोक्योत नष्ट झाल्या. नकला तीनदा जळाल्या. अस्सल आपल्याकडे राहिले. तेही ओल, किडे आणि माणसांच्या हातांनी झिजत आहे. म्हणून भिंतीला हात लावू नका, फ्लॅश मारू नका. सोमवारी लेणी बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

आता घरातले पाहू. आपली मुले पक्षी काढतात ते तक्त्यावरून नाहीतर मोबाइलवरून. ती नक्कल झाली. अस्सल पक्षी बांधावर आहे. माघ-फाल्गुनात पळस फुलला की साळुंक्या त्यातला रस प्यायला येतात. लाल फूल, पिवळी चोच! ही आपली काचो-गा. पण बांधावरचा पळस तोडला, तर साळुंकी कुठे बसेल आणि पोरगी चित्र कशाचे काढील?

येत्या रविवारी मुलांना वही-पेन्सिल द्या, शिवारात न्या. अर्धा तास एकच पक्षी पाहू द्या. त्याचे वऱ्हाडी नाव आजीला विचारू द्या. मगच काढू द्या. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. ते पाहून काढलेले असेल.